तांत्रिक तपासणीत थांबलेली सिटी: ड्रॅग शर्यतीच्या गाडीची सुरक्षा आणि चासीची मांडणी

भोसरी एमआयडीसीतील एका छोट्या गॅरेजमध्ये तयार झालेली, टर्बो बसवलेली जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक पुण्याजवळच्या एका धावपट्टीवर भरलेल्या ड्रॅग शर्यतीत, म्हणजे उभ्या गाडीने सरळ पट्टीवर ठरावीक अंतर कापण्याच्या शर्यतीत, तांत्रिक तपासणीच्या टप्प्यावरच थांबवण्यात आली. तपासनिसाच्या कागदावर पाच आक्षेप होते. रोल बारचा, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या त्याच्या मागच्या कमानीचा, पाइप आणि त्याचे वाक संशयास्पद होते, खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या पायथ्याशी जमिनीला बांधलेले होते, हेल्मेट दुचाकीचे होते, बॅटरी डिकीत होती पण वीज तोडणारा बाहेरचा स्विच, म्हणजे कट-ऑफ, फिरवल्यावरही इंजिन चालूच राहत होते, आणि पुढच्या चाकांचे नट पुरेसे आटे धरत नव्हते. चालकाची स्वतःची तक्रार याहून निराळी होती. क्लच सोडताच पुढची चाके दणादण उड्या मारतात आणि गाडी डावीकडे ओढते, असे त्याचे म्हणणे होते.

गॅरेजने या गोष्टींची दोन कामांत वाटणी केली होती. आक्षेप दूर करणे हे ‘पासिंगचे काम’ आणि उड्या थांबवणे हे ‘सेटअपचे काम’. पहिले नाइलाजाने करायचे आणि दुसरे आवडीने, असा एकूण सूर होता. गाडी पाहण्यासाठी मला बोलावले गेले तेव्हा ही वाटणीच मला सर्वांत अडचणीची वाटली, कारण या गाडीतील निम्मे दोष दोन्ही याद्यांत बसणारे होते आणि एका यादीतील उपाय दुसऱ्या यादीत नवी भर घालत होता.

कोणत्या वेळेसाठी गाडी तयार करायची?

मालकाचा, म्हणजेच चालकाचा, पहिला युक्तिवाद सरळ होता. “दादा, माझी वेळ चौदाच्या वर आहे. अमेरिकेच्या नियमातसुद्धा चौदाच्या वर काही लागत नाही.” हे त्याने कुठेतरी नीट वाचले होते. अमेरिकेतील एनएचआरए ही संस्था १९५१ पासून ड्रॅग शर्यतींचे नियमन करते आणि तिची सुरक्षेची शिडी मुख्यतः पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, वेळेवर उभी आहे. वेळ १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी झाली की हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेच्या प्रमाणपत्राचे हेल्मेट लागते. ११.४९ सेकंदांपासून रोल बार आणि त्यासोबत शर्यतीचे पट्टे लागतात. ९.९९ सेकंद किंवा ताशी १३५ मैल, म्हणजे २१७ किलोमीटर, गाठले की पूर्ण रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा, लागतो, आणि ताशी १५० मैलांपासून पॅराशूट.

मालकाच्या आधीच्या शर्यतीच्या पावतीवर १४.१ सेकंद ही वेळ होती. त्याच पावतीवर शेवटच्या रेषेवरचा वेग १६४ किलोमीटर असा छापलेला होता आणि त्याकडे कोणी पाहिले नव्हते. वजन आणि अश्वशक्ती यांवरून वेळेचा अंदाज देणारे एक जुने अनुभवसिद्ध सूत्र आहे. पौंडातील वजनाला अश्वशक्तीने भागायचे, घनमूळ काढायचे आणि ५.८२५ ने गुणायचे. चालकासह १,०५० किलो वजन आणि २०० अश्वशक्ती धरली तर उत्तर १३.२ सेकंद येते. त्याच जातीचे दुसरे सूत्र शेवटचा वेग १६६ किलोमीटरच्या आसपास सांगते. याचा अर्थ इंजिनाची ताकद १३.२ सेकंदांची होती आणि उरलेला जवळजवळ एक सेकंद सुरुवातीला चाके जागेवर फिरवण्यात जात होता. वेळेच्या नियमाने ही गाडी निरुपद्रवी ठरत होती, पण भिंतीला धडकताना वेळ कामाची नसते, वेग असतो.

शिवाय मोठा टर्बो आधीच खोक्यातून बाहेर आला होता आणि ३०० अश्वशक्तीचे लक्ष्य ठरलेले होते. त्याच सूत्राने ३०० अश्वशक्तीला वेळ ११.५ सेकंद आणि वेग सुमारे १९० किलोमीटर येतो, म्हणजे बरोबर रोल बारच्या उंबरठ्यावर. चाके फिरत राहिली तर पावती १२.५ दाखवेल आणि मालक पुन्हा म्हणेल की मला रोल बार लागत नाही. म्हणून पहिला निर्णय असा झाला की जुनी वेळ, अपेक्षित वेळ यांपैकी काहीच न धरता पुढच्या इंजिनाचा शेवटचा वेग धरून गाडी बांधायची. १६६ वरून १९० वर जाताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते, हा आकडा मालकाला कोणत्याही नियमापेक्षा लवकर पटला.

भारतात या खेळाची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय आहे आणि ती एफआयए या मोटार खेळांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी संलग्न आहे. प्रत्येक स्पर्धेची पूरक नियमावली आयोजक काढतात आणि शेवटचा शब्द तिचाच असतो. या स्पर्धेत टर्बोच्या गाड्यांना रोल बार सक्तीचा होता, पण तो कसा असावा याबद्दल नियमावली मोघम होती. जिथे ती मोघम होती तिथे आम्ही एफआयएची मापे घेतली, कारण ती मिलिमीटरमध्ये आहेत आणि इथल्या बाजारातील नळ्यांशी जुळतात.

दीड इंची पाइप

रोल बार बांधणारे मिस्त्री वेल्डिंगमध्ये कसलेले होते आणि त्यांची रेघ पाहिली तर हे सहज दिसत होते. त्यांनी वापरला होता पाण्याचा दीड इंची बी-क्लास पाइप, ज्यावर निळा पट्टा असतो. आक्षेप ऐकून ते नाराज झाले. “साहेब, तुमचा नियम अडीच मिलिमीटर म्हणतो. हा सव्वातीन आहे. जिन्याच्या कठड्याला लावतो त्याहून तर चांगलाच लावलाय.”

जाडीबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते, आणि इथेच बहुतेक गॅरेजांची गल्लत होते. पाण्याचा पाइप आतल्या नाममात्र मापाने विकला जातो, त्यामुळे दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर भरतो. एफआयएला मुख्य कमानीसाठी लागते ती ४५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, शिवणरहित, थंड ओढलेली कार्बन स्टीलची नळी, जिची ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल असावी. पाण्याचा पाइप सहसा पट्टी गुंडाळून शिवलेला असतो. त्याची कसोटी गळतीसाठी आणि दाबासाठी लागलेली असते, उलटलेल्या गाडीचे वजन कोसळताना तो कसा दुमडेल यासाठी नाही.

तरीही पाइपच्या जातीपेक्षा वाकांनी मला अधिक काळजीत टाकले. हायड्रॉलिक बेंडरवर आतून आधार न देता वाकवल्यामुळे कमानीचे दोन्ही खांदे चपटे झाले होते. व्हर्निअर लावला तेव्हा वाकाचा मोठा व्यास ५०.५ आणि लहान व्यास ४२ मिलिमीटर निघाला, म्हणजे गुणोत्तर ०.८३. एफआयएचा नियम ०.९ च्या खाली जाऊ देत नाही आणि वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट मागतो. डाव्या वाकावर पाइपची शिवण नेमकी बाहेरच्या, ताणाच्या बाजूला आली होती. मिस्त्रींनी बोट फिरवले, आतल्या बाजूची बारीक सुरकुती त्यांच्या बोटाला लागली, आणि त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. पुढचे सगळे बारकावे त्यांनीच मागून घेतले.

कमानीचे पाय पातळ पत्र्याच्या जमिनीवर थेट वेल्ड केलेले होते. गाडी उलटली तर कमान शाबूत राहील आणि तिचे पाय जमीन फाडून खाली जातील, अशी ही रचना होती. नव्या कामात प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी पट्टी दिली, ती दाराखालच्या सिलच्या उभ्या भिंतीवर वळवून घेतली आणि ८.८ दर्जाचे एम-८ बोल्ट वापरले. कमान चालकाच्या हेल्मेटपेक्षा ७५ मिलिमीटर उंच आणि डोक्यामागे १५० मिलिमीटरच्या आत बसवली. ही दोन मापे एनएचआरएच्या नियमातील तीन आणि सहा इंचांची आहेत. चालकाला हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसवल्याशिवाय ती घेऊ नयेत, कारण रिकाम्या सीटवरून घेतलेले माप हमखास चुकते.

जुन्या पाइपचे वजन मीटरला सुमारे ३.५६ किलो होते आणि नव्या नळीचे २.६२ किलो. सुमारे आठ मीटर लांबीच्या कामात सात-साडेसात किलो वजन उतरले. नियमाने वजन वाढते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. इथे नियम न पाळल्यामुळे वजन वाढले होते.

पट्टे, हेल्मेट आणि आठ फेरे

खांद्याचे पट्टे जमिनीला बांधण्याची सवय पुण्यातच काय, सगळीकडे दिसते, कारण तिथे कंपनीने दिलेले आटे तयार मिळतात. पण पट्टा खांद्यावरून तीव्र उतारात खाली गेला की समोरून धक्का बसताना तो चालकाला मागे धरण्याबरोबर खालीही दाबतो आणि तो दाब थेट मणक्यावर येतो. एफआयए हा उतार आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त चालू देत नाही आणि १० अंशांच्या आत ठेवण्याची शिफारस करते. उपाय रोल बारमध्येच होता. मुख्य कमानीला खांद्याच्या किंचित खाली एक आडवी नळी दिली आणि पट्टे तिला गुंडाळले. एसएफआय या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्राचे पट्टे दोन वर्षांनी बदलावे किंवा पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागतात. एफआयएच्या पट्ट्यांवर शेवटचे वर्ष शिवलेलेच असते. जुने पट्टे स्वस्तात घेताना हे लेबल आधी पाहावे.

दुचाकीचे आयएसआय हेल्मेट रस्त्यावर योग्यच असते. स्नेलच्या एसए वर्गाच्या हेल्मेटची मात्र अस्तर पेट घेते का यासाठी वेगळी कसोटी होते आणि रोल बारसारख्या गोल नळीवरचा आघातही तपासला जातो. हेल्मेट जिथे नळीला लागू शकते तिथे शर्यतीसाठीचेच कडक फोम लावले. वातानुकूलन यंत्राच्या पाइपवर चढवतात ते मऊ काळे फोम दिसायला तसेच असते आणि आघातात निरुपयोगी ठरते.

नटांचा प्रश्न दहा मिनिटांचा होता. पाच मिलिमीटरचा स्पेसर आणि जाड अलॉय रिम यांमुळे एम-१२ स्टडवर नट फक्त पाच फेरे घेत होते. आट्यांची पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी हवी. इथे आट्याचे अंतर दीड मिलिमीटर असल्यामुळे १२ मिलिमीटर म्हणजे पूर्ण आठ फेरे झाले. लांब स्टड बसवले. हे मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही आणि तरीही फारसे कोणी मोजत नाही.

डिकीतली बॅटरी

या प्रकरणाचा गाभा मला बॅटरीत दिसला. टर्बोचे पाइप बसवताना इंजिनाशेजारची जागा गेली, म्हणून बॅटरी डिकीत हलवली गेली. त्यामागे आणखी एक कारण सांगितले गेले, की ड्रॅगच्या गाड्यांत बॅटरी मागेच ठेवतात. ठेवतात खरे, पण त्या गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. वेग घेताना वजन मागे सरकते, ते मागच्या चाकांना हवेच असते, आणि बॅटरी तिथे नेल्याने पकड आणखी वाढते. सिटीची चालती चाके पुढे आहेत. तिच्यात तेच केले तर पकड कमी होते.

चाकणच्या रस्त्यावरील एका वजनकाट्यावर आम्ही गाडी नेली. नेली म्हणजे फ्लॅटबेडवरून उतरवून ढकलली, कारण एवढ्या बदलांनंतर ती रस्त्यावर चालवणे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाही. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, चालक आत बसलेला आणि टाकी पाव भरलेली. अशा काट्यांची लहानात लहान नोंद ५ किंवा १० किलोंची असते, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांचा सूक्ष्म फरक तिथे कळत नाही, पण पुढची-मागची विभागणी पुरेशी कळते. एकूण १,०५०, पुढे ६३०, मागे ४२०. म्हणजे पुढे ६० टक्के.

साधारण १४ किलोची बॅटरी इंजिनाशेजारून डिकीच्या टोकाला, म्हणजे सुमारे २.९ मीटर, मागे नेली तर २.४ मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तेवढे अंतर असलेल्या, गाडीत पुढच्या चाकांवरचे वजन सुमारे १७ किलोंनी घटते. हे १४ पेक्षा जास्त आहे, कारण मागच्या ॲक्सलच्या पलीकडचे वजन तराजूच्या दांडीसारखे पुढचे टोक उचलते.

आता सुरक्षेची बाजू. डिकीत बॅटरी आली की ती धातूच्या पट्टीने पक्की बांधणे, डिकी आणि चालकाची जागा यांमध्ये पत्र्याचा पडदा घालणे, आणि गाडीच्या मागे बाहेरून फिरवता येणारा कट-ऑफ देणे हे ओघाने येते. कट-ऑफ होता, त्यावर निळ्या त्रिकोणातील लाल ठिणगीचे चिन्हही व्यवस्थित चिकटवलेले होते. तपासनिसाने तो फिरवला, डॅशबोर्डचे दिवे क्षणभर थरथरले आणि इंजिन चालूच राहिले. कारण साधे होते. स्विच फक्त बॅटरीची तार तोडत होता आणि फिरत्या इंजिनावरचा अल्टरनेटर इग्निशन आणि इंधनपंप दोघांनाही वीज पुरवत होता. अपघातात चालक बेशुद्ध असेल, इंधनाची नळी फुटली असेल आणि मदतनीस स्विच फिरवेल, तेव्हा पंप पेट्रोल ओततच राहील. स्विच होता, चिन्ह होते, फक्त काम होत नव्हते. असा स्विच नसलेला बरा, कारण तो नसेल तर मदतनीस निदान दुसरा मार्ग शोधेल.

मिस्त्रींनी आणि वायरमनने डिकीत पडदा, पेटी आणि नवा स्विच यांचा आराखडा करून ठेवला होता. तो बाजूला ठेवून आम्ही टर्बोची एक नळी बंपरच्या आतून फिरवली, मोकळ्या झालेल्या जागी फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि चालकाची जागा यांमधल्या भिंतीजवळ, बॅटरी परत आणली आणि पोलादी पट्टीने व दोन बोल्टांनी बांधली. जोडीला अतिरिक्त संपर्क असलेला कट-ऑफ बसवला, जो बॅटरीबरोबरच इग्निशन आणि पंपाचा रिलेही तोडतो आणि अल्टरनेटरचा भार एका रोधकातून गाडीच्या चासीत सोडतो. इंजिन चालू ठेवून तो फिरवून पाहिला आणि इंजिन बंद पडले. पडद्याची गरज संपली, गाडीच्या लांबीभर जाणारी जाड तार गेली आणि पुढच्या चाकांना वजन परत मिळाले. तपासणीचा आक्षेप आणि पकडीचा तोटा एकाच कामात निघाला.

पुढच्या चाकांचे गणित

गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि टायरची पकड ०.९ धरली, तर ६० टक्के वजन पुढे असलेली ही गाडी ०.४५५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) पेक्षा जास्त त्वरण घेऊ शकत नाही. तेवढ्या त्वरणाला जवळपास १०० किलो वजन पुढून मागे जाते आणि पुढे ५३० उरते. सगळे काम झाल्यावर गाडी १,०४० किलो भरली, पुढे ६५० आणि मागे ३९०. पुढचा वाटा ६२.५ टक्के झाला आणि तीच मर्यादा ०.४७४ जी वर गेली, म्हणजे सुमारे चार टक्के वाढ. याउलट गाडी दोन सेंटिमीटर खाली बसवली तर वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. मालकाने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांवर आधीच पैसे घातलेले होते, हे कळल्यावर मी हा आकडा जरा हळू आवाजात सांगितला.

मागच्या कडक स्प्रिंगांबद्दल एक गैरसमज फार रुजलेला आहे. मागची स्प्रिंग कडक केली म्हणजे वजन मागे जात नाही, असे मानले जाते. वजनाचे एकूण स्थलांतर गाडीचे वजन, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवरच ठरते आणि स्प्रिंग त्यात येत नाही. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर ठरवतात ते नाक किती वर उठेल आणि किती झटक्याने उठेल. नाक उठले की पुढच्या चाकांचे कोन बदलतात आणि टायरचा पट्टा नीट टेकत नाही. म्हणून पुढचा शॉक उघडताना मंद आणि मागचा दबताना घट्ट ठेवायचा, पण त्याकडून चमत्काराची अपेक्षा करायची नाही. परदेशातील पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागे व्हीली बार, म्हणजे पाठीमागे निघालेला छोट्या चाकांचा दांडा, दिसतो तो वेगळ्याच कारणासाठी असतो. तो जमिनीला टेकला की भाराचा मागचा टेकू पाठीमागे सरकतो आणि परिणामतः व्हीलबेस लांबतो. इथे तो विचार सोडून दिला, कारण ३०० अश्वशक्तीला तो अतिरेक आहे.

चाकांच्या उड्यांचे मूळ स्प्रिंगांत नव्हतेच. एका माणसाने ब्रेक दाबून क्लच हलका सोडला आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहिले, तर इंजिन मुठीएवढे पुढेमागे झोके घेत होते. इंजिन धरणाऱ्या माउंटचे रबर फाटलेले होते आणि लोअर आर्मचे मागचे बुशही सैल होते. टायर पकड घेतो, इंजिन आणि आर्म मागे ताणले जातात, पकड सुटते, सगळे परत येते, पुन्हा पकड. हाच दणदणाट. नवे कडक माउंट आणि बुश टाकल्यावर उड्या बहुतांश थांबल्या, डावीकडची ओढही कमी झाली आणि उरलेली ओढ दोन पुढच्या टायरांचा घेर मोजल्यावर सापडली. एक टायर दुसऱ्यापेक्षा अधिक झिजलेला होता. डाव्या-उजव्या ड्राइव्हशाफ्टची लांबी असमान असेल तर थोडी ओढ राहतेच, आणि दोन चाकांतील वेगाचा फरक मर्यादित ठेवणाऱ्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलने ती जात नाही, कधी वाढतेही.

शेवटचे शंभर मीटर

ड्रॅगच्या सेटअपविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यातले बहुतेक पहिल्या ६० फुटांबद्दल, म्हणजे १८ मीटरांबद्दल, असते. तिथे वेळ मिळते हे खरे. पण पुढच्या चाकांच्या गाडीत तिथे मदत करणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट शेवटच्या रेषेनंतर विरोधात जाते, आणि या गॅरेजमध्ये तिचा विचारच झालेला नव्हता.

मागच्या टायरांत हवा भरपूर भरली की ती हलकी फिरतात आणि त्यांची पकडही घटते. पुढे मऊ टायर आणि मागे दगडासारखे, अशा अवस्थेत चालक रेषा ओलांडून ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येते, मागचा भाग हलका होतो आणि बाजूला निघतो. पुढची चाके किंचित बाहेर वळवलेली असली तर जोर लागल्यावर ती सरळ होतात, हा फायद्याचा भाग. जोर काढल्यावर ती पुन्हा बाहेर वळतात आणि १९० च्या वेगाला गाडी भटकू लागते, हा भाग कोणी सांगत नाही. गॅरेजने मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी ठोकळे घालून मागची हालचाल जवळजवळ बंद केली होती. तयार केलेल्या गुळगुळीत पट्टीवर ते खपून गेले असते. विमानाच्या धावपट्टीवर सांधे आणि उंचवटे असतात, शर्यतीच्या पट्टीसारखा चिकट थर नसतो, आणि ब्रेक लावताना हलका झालेला मागचा भाग अशा जागी चक्क हवेत उडतो.

ठोकळे काढले. मागच्या टायरांतील हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडीच जास्त ठेवली, मागची चाके अगदी किंचित आत वळवली आणि पुढची जवळजवळ सरळ. यात सुरुवातीचा काही वेळ गेला असेल आणि मालकाला तो गेलेला दिसत होता. त्याला थांबण्याचे अंतर मोजून दाखवले. १९० किलोमीटरच्या वेगाला एका सेकंदाची प्रतिक्रिया म्हणजे ५३ मीटर आणि ०.६ जी ने ब्रेक लावल्यास आणखी २३७ मीटर, म्हणजे सगळे मिळून २९० मीटर. यात मागचा भाग बाजूला जाण्याला जागाच धरलेली नाही. त्यानंतर मागची ब्रेक ड्रम उघडली, तर एका बाजूचा सिलिंडर गळत होता.

रात्री कात्रज-देहूरोड बायपासवर ‘टेस्ट’ घ्यायची सूचना गॅरेजमधल्याच कोणीतरी केली होती. सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी घेतल्यास मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बायपासवरचे ट्रक पाहता कायद्याची आठवण करून देण्याची गरज पडायला नको होती.

नंतरची स्थिती

पुढच्या तपासणीत गाडी पार झाली. तपासनिसाने एकच नवी सूचना केली, की कूलंटच्या ओव्हरफ्लो नळीला डबा लावावा, म्हणजे उकळलेले पाणी पट्टीवर सांडून मागच्या गाडीखाली जाणार नाही. ती रास्त होती आणि जागीच पूर्ण केली. त्या दिवशी गाडी जुन्याच टर्बोवर धावली. वेळ तेराच्या घरात आली आणि शेवटचा वेग जवळजवळ आधीइतकाच राहिला, म्हणजे ताकद तीच होती आणि सुधारणा पकडीत झाली होती. पावतीवरचे ६० फुटांचे आकडेही तेच सांगत होते.

मोठ्या टर्बोबद्दल मालक आणि ट्यूनर यांचे एकमत अजून झालेले नाही. ठरले आहे ते इतकेच, की बाजूच्या नळ्या, पुढची कमान आणि मागचे तिरके टेकू पूर्ण होईपर्यंत बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, तो मर्यादित ठेवणाऱ्या वेस्टगेट या झडपेच्या स्प्रिंगपुरताच राहील. इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर गाडीतून काढून मिस्त्रींच्या कपाटात ठेवला आहे. गाडीत राहिला असता तर तो एखाद्या शर्यतीच्या दुपारी वापरला गेलाच असता, हे मालकाने स्वतःच सांगितले. नव्या नळ्यांची ऑर्डर गेली आहे. मिस्त्रींनी या वेळी आतून आधार देणारा मँड्रेल बेंडर असलेले दुकान शोधले आहे आणि पहिला वाक व्हर्निअरने मोजल्याशिवाय दुसरा करणार नाही, अशी अट त्यांनीच घातली आहे.